जुनी स्पोर्ट्स कूपे घेताना आधी पाणी बघावे

दोन दारे, उतरते छत, पुढे दोन खऱ्या सीट, मागे नावापुरत्या दोन आणि जमिनीला लागून बसलेली बॉडी, अशा गाडीला कूपे म्हणतात. भारतात अशा छोट्या स्पोर्ट्स गाड्या नव्या असताना फार थोड्यांनीच घेतल्या. त्यामुळे जुन्या बाजारात येतात त्याही मोजक्याच. त्यात सर्वांत जास्त दिसते ती ऑडी टीटी. २०१६ साली फोक्सवॅगनने मर्यादित संख्येत आणलेली १९२ अश्वशक्तीची तीन दारी पोलो जीटीआय कधीमधी विक्रीला निघते. गोव्यात बनलेली, फायबरच्या बॉडीची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची सॅन स्टॉर्म आता हौशी लोकांकडेच उरली आहे. पुण्यात तयार झालेली डीसी अवंती त्याहून दुर्मीळ.

कोल्हापुरात गाड्यांची हौस जुनी आहे आणि ती भागवणारे हातही इथेच आहेत. उद्यमनगरातले लेथवाले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, पिढीजात मेस्त्री यांच्यामुळे न मिळणारा सुटा भागही इथे घडवून मिळतो. मात्र याच शहराने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. म्हणून कोल्हापुरात जुनी कूपे तपासायची तर इंजिनाच्या आवाजाआधी पाण्याची खूण शोधावी लागते. कागद, पाणी, बॉडी, इंजिन, गिअर आणि रस्ता हा क्रम ठेवला तर खोट लवकर सापडते आणि पुढच्या तपासणीचा खर्च वाचतो.

कागदांची सुरुवात चॅसी क्रमांकापासून करावी. आरसीवरचा सतरा अक्षरी क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी एकेक अक्षर लावून बघायचा. काचेखालचा, दाराच्या खांबावरचा आणि बॉडीत कोरलेला क्रमांक एकच हवा. कोरलेल्या अक्षरांभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवावा. ऑडीच्या क्रमांकातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. बी म्हणजे २०११, सी म्हणजे २०१२, एफ म्हणजे २०१५. विकणारा ‘२०१५ ची’ म्हणत असेल आणि दहावे अक्षर वेगळे निघाले, तर नोंदणीचे वर्ष आणि बनावटीचे वर्ष यांतला फरक किमतीत दिसला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी डीसी अवंती गाड्यांबाबत एक प्रकरण उघडकीस आणले. एकाच इंजिन आणि चॅसी क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या आणि कर्जे झाल्याचा आरोप त्यात होता. थोड्या संख्येने बनलेल्या गाडीचे क्रमांक जास्त बारकाईने का बघायचे, हे त्यावरून समजते.

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि बोजा हे सगळे दिसते. महागड्या गाड्या बहुधा कर्जावरच घेतलेल्या असतात. आरसीवर बँकेचे नाव असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकीत ई-चलन किती आहे तेही बघावे. वेगवान गाडीवर ते जास्त असण्याची शक्यता असते आणि हस्तांतराच्या वेळी ते आडवे येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हेही कळते.

सीमाभाग जवळ असल्यामुळे कोल्हापुरात एमएच ०९ बरोबर केए २२, केए २३ आणि गोवा पासिंगच्या गाड्याही विक्रीला येतात. पासिंग बाहेरचे असले म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण हिशेब बदलतो. मूळ आरटीओचे ना हरकत पत्र म्हणजे फॉर्म २८ लागतो, महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावाच लागतो. हा कर किमतीत न धरता ‘स्वस्तात मिळाली’ म्हणणे ही फसगत आहे. सॅन स्टॉर्मसारख्या जुन्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी बहुधा संपलेली असते. तिचे नूतनीकरण झाले आहे का आणि ते कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे, कारण नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांचे होते.

कागदांतला सर्वांत बोलका कागद म्हणजे विम्याची जुनी पॉलिसी, आणि ती मागणारे फार थोडे. गाडीवर क्लेम नसेल तर विम्यात दरवर्षी सवलत वाढत जाते. ती २० टक्क्यांपासून सुरू होते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते. म्हणून मागच्या चार-पाच वर्षांच्या पॉलिसी ओळीने लावून बघाव्यात. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या गाडीची सवलत ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ नंतरच्या नूतनीकरणात एकदम शून्य झाली असेल, तर त्या पावसाळ्यात काय घडले, हा प्रश्न थेट विचारावा. सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे. मालक बदलला किंवा त्याने ती आपल्या दुसऱ्या गाडीवर नेली तरी ती शून्य दिसते. तेवढ्यावरून गाडी पुरातली ठरत नाही, पण तपास कुठून सुरू करायचा ते कळते. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. अशा गाड्या पुढे लिलावात जातात. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात आणि पूर आला त्या गावापासून लांब विकल्या जातात. पुण्या-मुंबईहून आलेली गाडी म्हणून पुराची भीती नाही, असे समजू नये.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा, बापट कॅम्प या भागांत पाणी शिरले. तळघरातल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांना पाणी लागायला रस्त्यावर पूर दिसण्याचीही गरज नव्हती. उंच एसयूव्हीच्या चाकांना लागलेले पाणी कूपेच्या फरशीत शिरते. सीटची मोटर, एअरबॅगचे नियंत्रण यंत्र आणि वायरिंगचे मोठे जोड फरशीलगतच असतात. पाण्यातून काढल्यावर गाडी सुरूही होते, काही महिने चालतेही. मग वायरीच्या जोडांत हिरवा कीट धरतो आणि एकेक दिवा, एकेक सेन्सर बंद पडू लागतो. ही खोट दुरुस्त करून संपत नाही, म्हणून पुरात बुडालेली कूपे कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पाण्याची खूण शोधायला फार हत्यारे लागत नाहीत. एक टॉर्च, एक छोटा आरसा आणि पांढरा रुमाल पुरतो. सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत हळूहळू बाहेर ओढावा. धुणारा माणूस बाहेर दिसणारा बेल्ट धुतो, गुंडाळीत राहिलेला शेवटचा वीतभर पट्टा तसाच राहतो. तिथे मातकट रेघ किंवा कडक झालेला भाग असेल, तर पाणी त्या उंचीपर्यंत आले होते. मग सीट पुढे सरकवून रुळांवरचे बोल्ट बघावेत. आतल्या बोल्टवर गंज चढायचे नेहमीच्या वापरात कारण नसते. बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा असतील, तर सीट काढून खालचा गालिचा वाळवला गेला आहे, असा अंदाज बांधता येतो. गालिच्याचा कोपरा उचलून खालच्या फोमवर रुमाल दाबावा, कारण गालिचा वाळला तरी फोममध्ये ओल आणि गाळ राहतो. डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात, फ्यूज बॉक्समागे आणि डॅशबोर्डखालच्या वायरींच्या वेटोळ्यात पंचगंगेचा बारीक गाळ पिठासारखा बसलेला सापडतो. स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या पिना चमकदार हव्यात, हिरवट नकोत. सगळ्या दिव्यांत आतून धुके दिसते का, स्पीकरची जाळी फुगली आहे का, हेही बघावे. गाडीत सुगंधाचा फवारा फार दरवळत असेल, तर काचा वर करून ती अर्धा तास उन्हात उभी करायला सांगावे आणि मग दार उघडून वास घ्यावा.

पाण्याची शंका मिटली की बॉडीकडे वळावे. इथे टीटीची एक गोष्ट ठाऊक असणे जरुरीचे आहे. दुसऱ्या पिढीच्या टीटी कूपेच्या बॉडीत वजनाने ६९ टक्के ॲल्युमिनियम आणि ३१ टक्के पोलाद आहे. पोलाद मुख्यतः मागच्या फरशीत, दारांत आणि डिकीच्या झाकणात वापरले आहे. तिसऱ्या पिढीत बाहेरचे सगळे पत्रे ॲल्युमिनियमचे झाले. त्यामुळे लोहचुंबक फिरवून लांबी शोधायची नेहमीची युक्ती इथे फसते. बोनेटला चुंबक चिकटला नाही म्हणून तिथे लांबी भरली आहे, असे नव्हे. रंगाची जाडी मोजणारे यंत्रही दोन्ही धातू वाचणारे हवे. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या पत्र्यावर तो दुप्पट निघाला तर तिथे पुन्हा रंग मारला आहे आणि चारशे-पाचशे निघाला तर रंगाखाली लांबी आहे. पुन्हा रंगवणे हा दोष नव्हे, कारण पार्किंगमधले ओरखडे सगळ्याच गाड्यांना पडतात. दोष आहे तो ढाचा वाकण्याचा. ॲल्युमिनियमचा ढाचा सरळ करायला वेगळी हत्यारे आणि वेगळे वेल्डिंग लागते, ते गल्लीतल्या डेंटिंगवाल्याचे काम नाही. बोनेट उघडून ढाच्याच्या पुढच्या दोन्ही पट्ट्या शेवटपर्यंत टॉर्चने बघाव्यात, कारखान्याचे सीलंट दोन्ही बाजूंना सारखे आहे का ते पाहावे. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तुटला असेल, तर बोनेट कधीतरी उतरवले होते हे नक्की. प्रत्येक काचेवर कंपनीची खूण आणि वर्षाचा सांकेतिक आकडा असतो. एकच काच नवी असेल तर ती का बदलली, हे विचारावे.

कूपेची दारे लांब आणि जड असतात. दार अर्धे उघडून टोकाला धरून वर उचलावे. ते खडखडले तर बिजागरी झिजली आहे. टीटीच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. कडी ओढताच काच जराशी खाली सरकते आणि दार लागल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. ही हालचाल होत नसेल तर काचेचा रेग्युलेटर किंवा त्याचा स्विच गेला आहे. मग पावसात आत पाणी येते, आणि कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता ही खोट छोटी म्हणता येणार नाही. मागचा स्पॉयलर १२० च्या वेगाला आपोआप वर येतो, पण आतल्या बटणानेही उचलता येतो. तो दोन-तीनदा वर-खाली करून मोटरचा आवाज ऐकावा.

त्यानंतर गाडी रॅम्पवर चढवावीच लागते. हे टाळून बुटक्या गाडीची तपासणी पुरी होत नाही. आपल्याकडचे स्पीडब्रेकर कोणत्याही मापात बसत नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांनी दबलेल्या रस्त्यांना मधोमध उंचवटे येतात, आणि त्यांवर कूपेचे पोट घासते. इंजिनाचा ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर ठोकरीने चेपत नाही, तडकतो. चेंबरवर एपॉक्सीचा लेप, ताजे वेल्डिंग किंवा तेलाचा ओलावा दिसला तर चेंबर बदलायचा खर्च धरावा. तळाचे प्लास्टिकचे आवरण सगळे जागेवर असावे. ते गायब असते तेव्हा बहुधा कोणीतरी घाईत खालून काम केलेले असते. शॉकअपभोवती तेल पाझरले आहे का, सायलेन्सरच्या नळीवर कापून जोडल्याच्या खुणा आहेत का, चाकाच्या रिमला आतल्या बाजूने तडा आहे का, हेही तिथेच कळते. बाहेरून पॉलिश मारलेले रिम आतून वाकलेले निघते, हा नेहमीचा अनुभव आहे. सॅन स्टॉर्मची फायबर बॉडी गंजत नाही, पण तिच्या खालचा लोखंडी सांगाडा गंजतो. तिच्याबाबत वरचा रंग सोडून द्यावा आणि सगळा वेळ खाली घालवावा.

इंजिन थंड असतानाच बघायचे असते. गाडी सुरू करून ठेवू नका, असे आदल्या दिवशी सांगावे आणि पोचल्यावर आधी बोनेटला हात लावावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. दुसऱ्या पिढीच्या टीटीत २०१० पासून २११ अश्वशक्तीचे जे दोन लिटरचे टर्बो इंजिन आले, त्याच्या दोन खोडी जगभर माहीत आहेत. एक, पिस्टन रिंगमुळे ते ऑइल खाते. दुसरी, टायमिंग चेनचा ताण धरणारा टेन्शनर, विशेषतः साधारण २०१२ पर्यंतच्या इंजिनांत, दगा देतो. थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद चेन खडखडली तर टेन्शनर बदलला आहे का, त्याचे बिल कुठे आहे, हे विचारावे. तो तुटला तर वाल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते. दर हजार किलोमीटरला किती ऑइल घालता, या प्रश्नाला प्रामाणिक मालक आकडा सांगतो. रेस दिल्यावर निळा धूर निघाला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. तिसऱ्या पिढीच्या इंजिनात चेनची चिंता कमी आहे, पण पाण्याच्या पंपाचे आणि थर्मोस्टॅटचे प्लास्टिकचे घर गळते. त्याच्या खाली सुकलेला गुलाबी थर शोधावा.

या गाड्यांचे इंजिन रीमॅप केलेले, म्हणजे त्याच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवलेली असण्याची शक्यता कुटुंबाच्या गाडीपेक्षा जास्त. ताकद वाढते तशी टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्सवरचा ताणही वाढतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मनमानी करता येत नाही. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि परवानगीशिवाय बदललेला रंग यांवर तर दंडही होतो. स्कॅनर लावला की दोष कळतात, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोष नुकतेच पुसले आहेत का, हेही कळते. पुसल्यानंतर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. मीटर मागे फिरवला असेल तर काही गाड्यांत किलोमीटरचा आकडा दुसऱ्या एखाद्या यंत्रात जसाच्या तसा राहिलेला असतो, तोही वाचून घ्यावा. त्याच्या जोडीला स्टिअरिंगचे चामडे आणि ब्रेकच्या पेडलचे रबर बघावे. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि रबर गुळगुळीत, हे जुळत नाही.

टीटीला सहा गिअरचा तेलात भिजलेल्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे. त्याचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागते. हे बदलल्याचे बिल नसेल तर बदललेले नाही, असेच धरावे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या क्वाट्रोच्या मागच्या कपलिंगचे तेलही वेगळे बदलायचे असते आणि बहुतेक जण ते विसरतात. अशा गाडीला चारही टायर एका कंपनीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत तारीख असते. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. कमी चाललेल्या कूपेच्या टायरांची नक्षी शाबूत दिसते पण ते वयाने कडक झालेले असतात, आणि तिचे टायर स्वस्त मिळत नाहीत.

गिअरबॉक्स ओळखायला संध्याकाळची गर्दी बरी. दसरा चौकातून बिंदू चौकाकडे रांगत जाताना ब्रेकवरचा पाय हलकेच उचलावा. गाडी झटका न देता सरकली पाहिजे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर, चढावर थांबून निघताना मागे घसरणे, रिव्हर्स पडायला वेळ लागणे, ही क्लच आणि गिअर बदलणारे मेकॅट्रॉनिक युनिट बिघडल्याची लक्षणे आहेत. त्यानंतर रत्नागिरी रस्त्याने वाघबीळच्या चढाला न्यावे. वळणदार चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढ एकसारखी आहे का, टर्बो मध्येच दम टाकतो का, वळणात चाकाचा बेअरिंग गुणगुणतो का, हे तिथे ऐकू येते. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकल्या आहेत. सरळ रस्त्यावर, मागे-पुढे गाडी नसताना, स्टिअरिंग क्षणभर सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का बघावे. ही सगळी फेरी रेडिओ बंद ठेवून आणि विकणाऱ्याला शेजारी बसवून करावी. या फेरीत वेग गाठायचा नसतो. साठच्या वेगातही सगळ्या खोटी बोलतात.

सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे सुट्या भागाची किंमत लिहावी आणि ती फोन करून विचारलेली असावी. कूपेचे भाग मागवायला आठवडे लागू शकतात, आणि एखादा हेडलॅम्पदेखील साध्या गाडीच्या मोठ्या दुरुस्तीएवढा महाग पडतो. ही बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा करून मगच बोलणी सुरू करावीत. इसार दिला तर त्याची लेखी पावती घ्यावी, आणि कागदात खोट निघाल्यास तो परत मिळेल, असे त्यात लिहून घ्यावे.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो, आणि जुन्या मालकाची सवलत त्याबरोबर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधल्या निकालात नोंदणीत ज्याचे नाव आहे त्यालाच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरले आहे. त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी फिरवणे दोघांनाही महागात पडू शकते. नाव लागेपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवावा, तो बँकेतूनच द्यावा, आणि गाडीच्या दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिले आणि जुन्या पॉलिसी त्याच दिवशी ताब्यात घ्याव्यात.